शो कोणी मागितला?

आमच्या गावच्या नाटक मंडळात राजाचं काम कोणी करायचं, हा प्रश्न त्र्याऐंशी सालच्या दिवाळीत तीन पत्ती खेळून सोडवला गेला. यात हसण्यासारखं काही नाही. त्याच्या आदल्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी झाली, वैनगंगेपलीकडचे लोक गडचिरोलीत गेले, आम्ही अलीकडच्या सावली भागातले इकडेच राहिलो, आणि कोणाला साधा ओरखडाही आला नाही. जिल्हा शांततेत वाटता येतो. नाटकातलं काम वाटता येत नाही. आदल्या वर्षी आम्ही रीतसर मतदान घेतलं होतं. मतपेटी म्हणून ठेवलेला हार्मोनियमचा खोका मतमोजणीच्या आधीच विहिरीत सापडला, आणि लोकशाहीवरचा आमचा विश्वास तिथंच बुडाला.

मी पत्रू, गावचा शिंपी. म्हणून मंडळाचे कपडे माझ्याकडे. वाचताही बरं येतं, म्हणून पडद्याआड उभं राहून नटांना त्यांचे विसरलेले संवाद सांगायचं कामही माझ्याकडे. या दोन्ही कामांमुळे श्रीहरीभाऊंची मला जितकी माहिती होती, तितकी त्यांच्या घरच्यांनाही नसेल. दरसाल राजाचा अंगरखा पोटावर उसवून त्यात नवा तुकडा घालणारा मीच. आणि नाटकभर त्यांच्यासाठी घसा फोडणाराही मीच.

श्रीहरीभाऊंची धानाची गिरणी होती, ट्रॅक्टर होता, आणि राजाचं काम आपल्या बापानं आपल्या नावावर लिहून ठेवलंय असा त्यांचा समज होता. एकदा वडसाच्या एका नाटक कंपनीतला नट तापानं आडवा झाला, तेव्हा ऐनवेळी यांना उभं केलं होतं. काम काय, तर दरबारात मागच्या रांगेत भाला धरून उभं राहायचं. तिथून परत आले ते एक शब्द घेऊनच. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी नाटकाला नाटक म्हणणं बंद झालं. सगळं 'शो'. 'आपला शो', 'शो लागला', 'शो पाह्यला का?' एकदा शेजारच्या घरी सत्यनारायण होता, तर म्हणाले, "शो किती वाजता हाये?"

राजाच्या समोर आमच्या नाटकात एक चाकर असतो. राजा आला की तो वाकतो, ताट पुढे करतो आणि "जी सरकार" म्हणतो. एवढंच. हे काम मुखरूकडे होतं. मुखरू दोन एकर धान पिकवणारा, काडीसारखा माणूस. कोणी आवाज चढवून काही म्हटलं की नाटक नसतानाही तो थोडासा वाकायचा. तिसऱ्या अंकात माझ्या हातातल्या वहीत लिहिलेलं होतं, 'राजा रागावतो.' श्रीहरीभाऊ रागावून मुखरूच्या कमरेत लाथ घालत. ती लाथ लिहिलेली नव्हती. मराठी रंगभूमीला ते श्रीहरीभाऊंचं स्वतःचं योगदान होतं, आणि नाटकातली सर्वांत मोठी टाळी तिलाच पडायची.

मुखरूची बायको सुगंधाबाई. तिचं माहेर वडसाकडचं. आमच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर नाटक असतं त्या जत्रेला, तिचा भाऊ दसरू दरसाल गाडीभर पाहुणे घेऊन यायचा आणि पहिल्या रांगेत बसून लाथेला मनापासून हसायचा. सुगंधाबाई हसायची नाही. ती पदराआड तोंड करून बसायची. मुखरूला हे स्टेजवरून दिसायचं. मला पडद्याआडून दोघंही दिसायचे.

म्हणून त्या वर्षी बैठकीत मुखरूनं हात वर केला, तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही.

"मले एक साल राजा व्हाचं हाये," तो म्हणाला.

श्रीहरीभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "राजा? तू? अरे, मुकुट ठेवला तर मान मोडन तुही!"

मग अजून चारपाच हात वर आले, कारण मुखरू राजा होऊ शकतो तर आपण काय पाप केलंय, असं प्रत्येकाला वाटलं. आवाज वाढले. कोणीतरी विहिरीचा विषय काढला. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष हरिदास गुरुजी उभे राहिले. त्या उन्हाळ्यात क्रिकेटचा वर्ल्ड कप आपण जिंकल्यापासून गावात सगळ्याची टूर्नामेंट भरत होती. व्हॉलीबॉलची, कबड्डीची, सायकल हळू चालवायची सुद्धा. गुरुजी म्हणाले, "टूर्नामेंट घेऊ. तीन पत्तीची. पैसा लावाचा नाई, चिंचोके लावाचे. पयला येईल तो राजा. दुसरा येईल तो चाकर."

श्रीहरीभाऊंनी मांडीवर थाप मारली. "मंजूर! लिहून घ्या गुरुजी!" पत्त्यांत त्यांना गावात तोड नव्हती, म्हणजे निदान आवाजात तरी नव्हती. बाकीच्यांच्या मात्र लक्षात आलं की या स्पर्धेत पहिलं यायचं नसेल तर तिसरं येण्यातच शहाणपण आहे.

भाऊबीजेच्या सकाळी शाळेच्या ओट्यावर सतरंज्या पडल्या. प्रत्येकाला गिलासभर चिंचोके मिळाले. पत्ते वाटायला मला बसवलं, कारण मी निःपक्षपाती होतो. सलग इतकी वर्षं एका माणसाचे संवाद त्याच्या कानात ओरडल्यावर माणूस जितका निःपक्षपाती राहतो, तितका मी होतो.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही, त्या सज्जनांसाठी सांगतो. प्रत्येकाला तीन पत्ते. ते न पाहता डाव लावला तर त्याला 'बंद' म्हणतात. पत्ते पाहिले की त्याच चालीला दुप्पट चिंचोके टाकावे लागतात. म्हणजे ज्याला काही माहीत नाही त्याला सवलत, आणि ज्यानं डोळे उघडले त्याला दंड. दोघंच उरले की एकजण 'शो' म्हणतो, तेव्हा पत्ते उघडतात. पण पाहून खेळणाऱ्याला बंद खेळणाऱ्याकडे शो मागता येत नाही. मागायचा तर बंदवाल्यानंच. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण तो नक्की गिरणीमालक असणार.

श्रीहरीभाऊ कायम बंद खेळत. पत्त्यांकडे मान खाली घालून पाहणं त्यांना कमीपणाचं वाटे. समोर काय आलंय, आपल्याकडे काय आहे, कशाशी देणंघेणं नाही. चाल आली की कपभर चिंचोके धाडकन ओतायचे आणि ओरडायचं, "आहे का हिंमत?" अशा माणसापुढे वाईट पत्ते आले तर सोपं असतं, फेकून द्यायचे. खरी परीक्षा चांगले पत्ते आल्यावर होते. त्या दिवशी मी माझ्या हातानं चांगले पत्ते वाटले आणि माझ्या डोळ्यांनी ते वाया जाताना पाहिले.

नथ्थूला ओळीत तीन पत्ते आले, एकाच रंगाचे. त्याला इतका आनंद झाला की त्यानं धोतर सावरलं, मिशीवरून हात फिरवला आणि आपले चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले. श्रीहरीभाऊंनी एक नजर त्या मिशीवर टाकली आणि डाव सोडून दिला. ओरडणारा माणूस आंधळा असतो असं समजू नये. त्याला दुसऱ्याचा आनंद लांबूनही दिसतो. नथ्थूला त्या सुंदर पत्त्यांवर मूठभर चिंचोके मिळाले आणि पुढच्या तीन डावांत ते भाऊंच्या ढिगात परत गेले.

जंगूचं उलट झालं. जंगू आमच्या मंडळाचा ढोलकीवाला, छातीनं दणकट. त्याला दोन एक्के आले होते. भाऊ ओरडले, "ये ना बे, ये!" आणि जंगूनं एक्के असे खाली ठेवले की जणू विंगेतून कोणी त्याला 'जा' म्हटलं. नंतर भाऊंनी कौतुकानं आपले पत्ते उघडून दाखवले. दुरी, पंजी आणि अठ्ठी. जंगूनं स्वतःच्या कपाळावर ढोलकीसारखी थाप मारली.

मुखरू मात्र कोपऱ्यात बसून पत्ते पाहायचा, बहुतेक वेळा सोडायचा, आणि सोडताना इतका ओशाळायचा की जिंकणाऱ्यालाच वाईट वाटावं. त्याच्याशी कोणी झुंज घेतच नव्हतं. झुंज घेण्यासारखा तो वाटतच नव्हता. एकेक वीर ओरडत पडले आणि उन्हं माथ्यावर आली तेव्हा सतरंजीवर दोघंच उरले. एका बाजूला चिंचोक्यांचा डोंगर आणि त्यामागे श्रीहरीभाऊ. दुसऱ्या बाजूला मुखरू, आणि त्याच्यासमोर दोन गिलासांत मावेल एवढा ऐवज. तिसरा आलेला नथ्थू देवाचे आभार मानत होता.

गुरुजींना घरी बहिणीनं ओवाळायला बोलावलं होतं. त्यांनी घाईघाईनं शेवटचा नियम सांगितला. "आता जो डाव शोपर्यंत जाईल, त्याच्यावर निकाल. अन् ज्याच्याजवळ चाल कराले चिंचोके उरले नाई, तो हरला."

मी पत्ते वाटले. मुखरूनं आपले उचलून पाहिले, परत ठेवले आणि एक लांब उसासा सोडला. मान खाली गेली, खांदे पडले. मला वाटलं, गेला बिचारा.

"बंद!" भाऊंनी कप ओतला.

मुखरूनं दोन कप टाकले. वाढवलं काही नाही, बोलला काही नाही.

"अजून बंद! काय गा, सोडतं का?"

"जी," मुखरू म्हणाला आणि परत दोन कप टाकले.

लोकांना हसू फुटलं. भाऊ ओरडायचे, तो "जी" म्हणायचा आणि मान अजून थोडी खाली करून चिंचोके टाकायचा. दोनतीन फेऱ्या झाल्या आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. इतक्या वाईट पत्त्यांवर कोणी दोन-दोन कप टाकत नाही. त्याच्याकडे काहीतरी होतं, आणि मोठं होतं. नथ्थूसारखी मिशी फिरवली असती तर भाऊंनी डाव केव्हाच सोडला असता. जंगूसारखा घाबरला असता तर त्यानं स्वतःच सोडला असता. मुखरू काहीच करत नव्हता. ओरडणाऱ्याला ओरडू देत होता.

पण हुशारीला पैलतीर दिसेना. तो शो मागू शकत नव्हता. भाऊ मागणार नव्हते, कारण त्यांच्यामागे डोंगर होता, आणि मुखरूचे चिंचोके संपेपर्यंत नुसतं ओतत राहिलं की काम झालं. हातात राज्य आणि ते उघडून दाखवायची सोय नाही, अशी त्याची गत होती. त्याच्यासमोर आता जेमतेम दोन कपांपुरते उरले. आणखी एक फेरी आणि पुढचं वर्षही लाथेचं. मला खरंच रडू येत होतं, पण पत्ते वाटणाऱ्यानं रडू नये म्हणून मी सतरंजीवरचे चिंचोके सारखे करत बसलो.

मुखरूनं ते शेवटचे दोन कपही टाकले. समोरची सतरंजी रिकामी झाली. आता पाळी भाऊंची होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत सुगंधाबाई आली. मागे दसरू, कपाळावर ओवाळणीचा ताजा टिळा. तिनं नवऱ्याची वाकलेली मान पाहिली, रिकामी सतरंजी पाहिली, आणि तिचा चेहरा लाल झाला.

"चला घरी," ती म्हणाली. "पुरे झालं. दादा बिनजेवणाचा बसला हाये, अन् तुमी इथी मान खाली घालून बसले! काय होऊन राह्यलं तुमच्यानं?"

मुखरूनं वर पाहिलंच नाही. दसरू ओठ दाबून हसला. आणि श्रीहरीभाऊंना काय आनंद झाला म्हणून सांगू! राजा आहे, चाकर आहे, चाकराची बायको आहे, सासरवाडी आहे आणि सगळा गाव आहे. असा देखावा आमच्या नाटकात एकदाही जमला नव्हता. ते मागे रेलले, पोटावर हात ठेवला आणि दरबारी आवाजात म्हणाले, "घाई कायची बाई? बस ना! भावालेई बसव. आल्यासारखी शो पाहून जा!"

मी पत्त्यांवर हात ठेवला.

"भाऊंनी शो मांगला," मी म्हणालो.

भाऊंचा पोटावरचा हात खाली आला.

"कोन मांगला?" भाऊ म्हणाले. "मी कुठी मांगला?"

"आत्ता म्हनले ना तुमी. पाळी तुमची होती. शो म्हनले."

"अबे, तो शो नाई! मी तर... शो म्हंजे हा... आपला शो! नाटकाचा!"

"इथी नाटक चालू हाये का?" हरिदास गुरुजींनी विचारलं. त्यांनाही घरी जायचं होतं, पण केवळ त्यासाठी ते बोलले असं मी म्हणणार नाही. "आमी नाटकाले नाटकच म्हनतो, श्रीहरी. शो फक्त पत्त्यांत असते. उघड."

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. गिरणीवर धान आणणारे सगळे तिथं होते, पण त्या क्षणी एकाचीही नजर सापडेना. अखेर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून आपले पत्ते पाहिले. तिर्री, सत्ती, गुलाम. तिघांचे रंगही वेगळे. मुखरूनं आपले एकेक करून ठेवले. राणी. राणी. तिसरा पत्ता त्यानं अंगठ्यानं सरळ करून ठेवला. तीही राणीच.

जंगूनं अशी आरोळी ठोकली की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. मुखरूला खांद्यावर घेतलं, दसरूनं पुढे होऊन भाटव्याच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, पायांना हात लावला. त्या गडबडीत श्रीहरीभाऊ माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पत्रू, ते तिसऱ्या अंकातली लाथ... ते वहीत लिहिली नाई ना?"

"नाई भाऊ," मी म्हणालो. "वहीत नुसतं 'राजा रागावतो' हाये."

त्यांना बरंच हायसं वाटलं.

घरी जाताना माझी वाट मुखरूच्या घरावरूनच होती. दसरू पुढे निघून गेला होता, मागे आम्ही तिघं. मुखरूचे पाय जमिनीवर नव्हते. तो बायकोला म्हणाला, "काय मस्त नाटक केलं गे तू! तू तशी चिडली नसती तर त्याच्या तोंडून शो निघालाच नसता. तुले समजलं होतं ना, माह्याजवळ पत्ते हाये म्हनून?"

सुगंधाबाई थांबली.

"कायचे पत्ते? मी तुमाले घरी न्याले आली होती."

मुखरू हसला. मग हसू ओसरलं. "म्हंजे तुले वाटलं, मी खरंच..."

"नाटकात वाकता ते वाकता. कोनीतरी लिहून देल्लं असते. इथी कोन लिहून देल्लं होतं?"

"अवो, ते नाटकच होतं! तो फसला पायजे म्हनून करत होतो मी."

"मंग इतकं खरं काऊन दिसलं?"

मुखरू मान खाली घालून चालायला लागला. संवाद अडला की पुढचा शब्द सांगायची मला सवय, पण माझ्याही तोंडून काही आलं नाही. पुढचं वळण माझं होतं, मी वळलो.

आठवड्यानं तालीम सुरू झाली. शाळेचाच ओटा, गुरुजींची खुर्ची म्हणजे सिंहासन. मुखरूला मी आदल्या दिवशीच अंगरखा घालून पाहिला होता, त्यात दोन मुखरू बसले असते. पाहायला अर्धा गाव जमला होता. राजा सिंहासनावर बसलाय आणि चाकर ताट घेऊन येतो, एवढाच पहिला प्रवेश. मी वही उघडली. गुरुजींनी टाळी वाजवली.

श्रीहरीभाऊ ताट घेऊन आले. ताट त्यांनी असं धरलं होतं की जणू कोणाकडून वसूल करून आणलंय. मानेत वाक नव्हता, पाठीत नव्हता. ते सिंहासनापुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी नेहमीसारखं, वरून खाली, मुखरूकडे पाहिलं.

आणि महाराज उठून उभे राहिले.

नुसते उभे राहिले नाहीत. दोन्ही हात पुढे करून, थोडं वाकून, त्यांनी भाऊंच्या हातातलं ताट घ्यायला सुरुवात केली. ओटा हसून लोळायच्या बेतात होता. भाऊंच्या चेहऱ्यावर जुनं राज्य परत यायला लागलं. तीन राण्या हातात आल्या होत्या आणि आम्ही सगळे मिळून त्या परत गड्डीत घालत होतो, असं मला वाटलं.

"बसा."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता. सुगंधाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता.

मुखरूनं तिच्याकडे पाहिलं. ताटाकडे गेलेले हात मागे घेतले आणि तो खुर्चीत बसला. टेकून नाही, कडेला, पण बसला. कोणी हसलं नाही. श्रीहरीभाऊ ताट धरून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी त्यांचं वाक्य सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं असं नाही. तरी मी पुन्हा सांगितलं, यावेळी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"जी सरकार," श्रीहरीभाऊ म्हणाले, आणि वाकले.